ड्रॉवरमधलं यंत्र आणि आमचं बिल

आम्ही केलेल्या श्रवणयंत्राच्या जाहिरातीत बासरी होती, भारदस्त आवाजातला व्हॉइसओव्हर होता आणि पडद्यावर अक्षरं म्हणाल तर शेवटी येणारं कंपनीचं नाव तेवढं. कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची फिल्म, आणि तिचा सगळा अर्थ आवाजात! पटकथा माझी. दिग्दर्शकाने ती वाचली, क्लायंटच्या पाच माणसांनी मंजूर केली, एडिटिंगला बसून आम्ही ती तीसेक वेळा पाहिली. कुणाच्याही ध्यानात आलं नाही. ध्यानात आणून दिलं एका निवृत्त शिक्षिकेने, त्यांच्या घरी. टॅबवर फिल्म पाहून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "चित्रं चांगली आहेत हो. पण गोष्ट काय आहे?"

तोवर ती फिल्म चार महिने सगळीकडे दाखवून झाली होती.

मी वीस वर्षं जाहिरात एजन्सीत कॉपी, म्हणजे जाहिरातींचा मजकूर, लिहिते आहे. या धंद्यात कामाची वाटणी ठरलेली असते. काय सांगायचं ते क्लायंटच्या ब्रीफमध्ये येतं, कसं सांगायचं ते आम्ही बघतो. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात ती शिडीही ठरलेली: लक्ष, रस, इच्छा, कृती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मांडली गेलेली ही शिडी टीव्हीच्या काळात टिकली आणि इंटरनेटच्या काळातही. तिची शेवटची पायरी म्हणजे खरेदी. गिऱ्हाइकाने पैसे मोजले की आमच्या वहीतून त्याचं नाव कटलं.

या क्लायंटच्या ब्रीफच्या पहिल्या स्लाइडवर जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा आकडा होता: जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक श्रवणदोष आहे. दुसऱ्या स्लाइडवर दोन वाक्यं. लोक यंत्र लावायला लाजतात. लाज घालवा. आम्ही घालवली. फिल्म गाजली, चौकशा वाढल्या, विक्री वाढली. मग परत येणारी यंत्रंही वाढली. आणि जी परत आली नव्हती, त्यांचे सेल कुणी विकत घेईना. ही शेवटची गोष्ट हेरली ती कंपनीत नुकत्याच आलेल्या उत्पादन-प्रमुख बाईंनी. श्रवणयंत्राचा बारका सेल आठवडाभर, फार तर दोन आठवडे चालतो. सेल खपत नसतील तर यंत्रं कानात नाहीत, इतका साधा हिशेब. आम्ही दुसऱ्या फिल्मचं बजेट मागायला गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आधी सहा आठवडे डिझाइन थिंकिंग करू. फिल्मचं नंतर बघू."

मला जांभई आली, हे कबूल करते. आधी वापरणाऱ्याला समजून घ्यायचं आणि मग वस्तू घडवायची, असा हा प्रकार मी त्याआधी दोन कार्यशाळांत बसून पाहिला होता. स्टॅनफर्डच्या डी-स्कूलने रूढ केलेल्या त्या पाच पायऱ्या: एम्पथाइज (माणूस समजून घ्या), डिफाइन (प्रश्न नेमका करा), आयडिएट (कल्पना काढा), प्रोटोटाइप (कच्चा नमुना बनवा), टेस्ट (तो तपासा). ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलची ती आकृती, पत्त्यांतल्या चौकटीसारखे दोन आकार शेजारी शेजारी: आधी प्रश्न पसरवा आणि नेमका करा, मग उत्तरं पसरवा आणि नेमकी करा. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या. दुपारपर्यंत भिंत भरते, संध्याकाळी कुणीतरी तिचा फोटो काढतं, आणि सोमवारी सगळे आपापल्या जुन्या कामाला लागतात. शिवाय थोडी चीडही होती. एकत्र बसून टीका न करता कल्पनांचा पाऊस पाडायचा ही पद्धत, जिला ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतात, ती अ‍ॅलेक्स ऑस्बॉर्न नावाच्या जाहिरातवाल्याने १९४० च्या दशकात रुजवली. बीबीडीओ या एजन्सीच्या नावातला 'ओ' म्हणजे तोच. आमचीच वस्तू नव्या वेष्टणात घालून आम्हालाच विकताहेत, असं मी आर्ट डायरेक्टरला कोपऱ्यात म्हणाले.

चिठ्ठ्यांबद्दलचं माझं मत आजही फारसं बदललेलं नाही. बदल झाला तो त्याआधीच्या तीन आठवड्यांनी.

आम्ही चौदा घरांत गेलो. जोडीने जायचं, एकाने बोलायचं, दुसऱ्याने फक्त लिहायचं. नियम दोनच. मत विचारायचं नाही, 'कालचा दिवस सांगा' म्हणायचं. आणि जिथे 'सांगा' म्हणावंसं वाटेल तिथे 'दाखवा' म्हणायचं. फोकस ग्रुपमध्ये आम्ही वर्षानुवर्षं याच्या नेमकं उलट करत आलो होतो: गार खोलीत आठ अनोळखी माणसं बसवायची आणि विचारायचं, 'तुम्हाला या ब्रँडबद्दल काय वाटतं?' वाटतं काय! त्यांना घरी जायचं असतं.

"यंत्र दाखवता का?" म्हटल्यावर चौदापैकी नऊ घरांत ड्रॉवर उघडला गेला.

त्या शिक्षिकेचं यंत्रही ड्रॉवरमध्येच होतं, मूळ डबीत, रुमालात गुंडाळून. त्यांनी ते सहा दिवस वापरलं होतं. "स्वतःचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा," त्या म्हणाल्या. "वर्गात पस्तीस वर्षं बोलले मी. स्वतःचाच आवाज सहन होईना, तर लावू कशाला?" त्यांना वाटलं होतं यंत्र बिघडलेलं आहे. खरं तर कानाची वाट बंद झाली की स्वतःचा आवाज असा घुमतोच. थोडी सवय लागते, थोडं यंत्रात बदल करून घेता येतं. पण हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. विकणाऱ्याने सांगितलं असेलही, पण तेव्हा त्यांना ऐकू येत नव्हतं ना.

दुसऱ्या एका घरात एक आजोबा. अतिशय टापटिपीचे. त्यांनी सेलचं नवं पाकीट आणल्याबरोबर सहाही सेलवरचे रंगीत कागद काढून, सेल पुसून ओळीने ठेवले. हे सेल हवेवर चालतात. कागद काढला की छोट्या भोकांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो, मग तुम्ही तो वापरा की नका वापरू, तो संपत जातो. आजोबांचे सहाही सेल थोड्याच दिवसांत बसले. "कंपनी बोगस आहे," एवढाच त्यांचा निष्कर्ष. पाकिटावर सूचना होती, पण ती मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

आणखी एका काकूंनी सांगितलं, नळाचं पाणी धबधब्यासारखं आणि वर्तमानपत्राचं पान उलटलं की फटाका फुटल्यासारखं वाटायचं. शेजारी बसलेले त्यांचे यजमान म्हणाले, "आणि मी पुटपुटतो तेही ऐकू यायला लागलं, त्याने भांडणं वाढली." दोघंही हसले. मी मात्र वहीत लिहिलं: पहिल्या महिन्यात जग फार मोठ्याने बोलतं. वर्षानुवर्षं न पोचलेले आवाज पुन्हा पोचायला लागले की मेंदूला ते निवडायला वेळ लागतो, काही आठवडे, कधी काही महिने. चष्मा लावला की लगेच दिसतं. यंत्राचं तसं नाही. आमच्या फिल्ममध्ये आजी यंत्र लावते आणि पुढच्याच क्षणी नातवाचं हसू ऐकून तिचे डोळे भरतात. तो शॉट मला फार आवडायचा. चौदा घरं पाहिल्यावर कळलं की लोकांना घरी जाऊन आपलं यंत्र बिघडलंय असं का वाटत होतं. त्यांनी तो शॉट पाहिला होता.

आणि लाज? तो शब्द चौदापैकी दोन घरांत आला, तोही आम्ही विचारल्यावर.

त्यानंतर दोन दिवस मी क्लायंटच्या मदत केंद्रात बसून रेकॉर्ड केलेले कॉल ऐकले. श्रवणयंत्राच्या कंपनीचं मदत केंद्र फोनवर चालायचं, यातली गंमत मला तिथे हेडफोन लावून बसेपर्यंत सुचली नव्हती. "शिट्टी वाजतेय," पलीकडून माणूस सांगतो. "डोम नीट आत गेलाय का बघा," इकडून सांगतात. "काय?" "डोम!" "कोण?" असं तीन मिनिटं. (डोम म्हणजे यंत्राचं कानात जाणारं मऊ टोक.) पुष्कळशा कॉलमध्ये शेवटी फोन मुलीच्या नाहीतर सुनेच्या हातात जायचा. म्हणजे यंत्र वापरणारा एक आणि शिकून घेणारं दुसरंच कुणी. जाहिरात कुणाला, कुठे दाखवायची ते ठरवणाऱ्या आमच्या मीडिया प्लॅनमध्ये या दुसऱ्या माणसासाठी रकानाच नव्हता.

त्याच आठवड्यात क्लायंटच्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, बाईंनी आमच्या सगळ्या टीमची श्रवणचाचणी करायची टूम काढली. बटण दाबत मी मजेत बसले होते. बाहेर आल्यावर आलेख हातात. सगळीकडे सरळ चालणारी रेघ ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरलेली. मोठ्या आवाजात राहिलेल्यांच्या कानात असा खड्डा पडतो, त्या म्हणाल्या. एडिटिंगच्या अंधाऱ्या खोलीत हेडफोनचा आवाज चढवून काढलेली वीस वर्षं मला आठवली. 'स', 'फ' यांसारख्या व्यंजनांची धार या वरच्या पट्टीत असते. स्वरांनी आवाज पोचतो, व्यंजनांनी अर्थ. म्हणून 'ऐकू येतं पण कळत नाही' अशी तक्रार असते. मी यमकं जुळवून पोट भरणारी बाई! तो कागद चार घड्या घालून मी पर्समध्ये टाकला. पुढचं काही केलं का, असं विचारू नका.

भिंतीवर चिठ्ठ्या लावायचा दिवस आला तेव्हा बोलायला फारसं काही उरलंच नव्हतं. 'लाज कशी घालवायची' हा प्रश्न कुणीच भिंतीवर लावला नाही. त्याच्या जागी उत्पादन-प्रमुखांनी एकच चिठ्ठी लावली: 'पहिले पंचेचाळीस दिवस यंत्र कानात कसं राहील?' या प्रश्नाचं उत्तर तीस सेकंदांच्या फिल्ममध्ये मावत नाही, हे ती चिठ्ठी वाचता वाचताच मला कळलं. आणि आमची एजन्सी जगत होती ती तीस सेकंदांवर.

पहिलं उत्तर आम्ही चुकीचंच काढलं. अ‍ॅप. अर्थातच अ‍ॅप! रोजचा सराव, गुण, पदकं, वर चढणारी फुलं. आमच्या तरुण डिझायनरने त्याचे पडदे इतके देखणे केले की बघत राहावं. जेकब नील्सन यांचं एक जुनं सांगणं आहे, चाचणीला पाच माणसं बसवली तरी मांडणीतले बहुतेक दोष वर येतात. आम्हाला तीनच पुरली. पहिल्या आजींना पासवर्ड आठवेना. दुसऱ्या गृहस्थांनी पदक मिळाल्यावर विचारलं, "हे कशाबद्दल?" तिसऱ्या बाईंनी फोन सुनेकडे दिला. डिझायनर दोन दिवस बोलला नाही. प्रोटोटाइप कागदाचा होता म्हणून दोन दिवसांवर भागलं. कोड लिहून झाला असता तर आम्ही तो वाचवायला वर्षभर भांडलो असतो.

मग उत्पादन-प्रमुखांनी आम्हा सगळ्यांना जाड रबरी हातमोजे घालायला लावले, चष्मे काढायला लावले आणि म्हणाल्या, "आता सेल बदला." मसुराच्या डाळीपेक्षा जरा मोठा तो सेल. खोलीभर आम्ही जमिनीवर रांगत होतो. त्या एका तासात ठरलं की सेलचा कागद लांब शेपटीचा करायचा, आणि 'एका वेळी एकच कागद काढा' हे वाक्य पाकिटाच्या समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापायचं. वीस वर्षांत मी लिहिलेल्या सगळ्या ओळींत सर्वांत जास्त उपयोगी पडलेली ओळ बहुधा हीच.

शेवटी उभं राहिलं ते फारच साधं होतं. पंचेचाळीस दिवस रोज एक संदेश, फोनवर, दोघांना: वापरणाऱ्याला वेगळा, घरातल्या सोबत्याला वेगळा. जोडीला अठरा छोटे व्हिडिओ. सगळे आवाजाशिवाय, मोठ्या अक्षरांत, हात जवळून दिसतील असे. आणि मदत केंद्रात फोनच्या जोडीने लेखी गप्पांची सोय. पहिल्या दिवशीचा संदेश असा: 'आज फक्त दोन तास. घरातच. तुमचा आवाज घुमल्यासारखा वाटेल, ते बरोबर आहे.' सोबत्याला: 'आज दुसऱ्या खोलीतून हाक मारू नका. समोर येऊन बोला.'

हे लिहिताना ऑडिओलॉजिस्ट बाई शेजारी बसायच्या आणि माझी निम्मी वाक्यं कापायच्या. मी लिहिलं, 'पुन्हा पहिल्यासारखं ऐकू येईल.' त्यांनी लाल रेघ मारली. "पहिल्यासारखं येत नाही. अधिक चांगलं येईल, एवढंच लिहा." मी म्हटलं, त्यात जोर नाही. त्या म्हणाल्या, "जोर लावूनच तर ड्रॉवर भरलेत."

व्हिडिओ सगळ्यांसाठी खुले ठेवायचे ठरलं तेव्हा विक्री विभाग खवळला. दुसऱ्या कंपन्यांच्या गिऱ्हाइकांना आपण फुकट का शिकवायचं? रास्त प्रश्न होता. मी त्यांना मिशलँचं उदाहरण दिलं. टायर विकणाऱ्या या कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली आणि फुकट वाटली. टायर कसं बदलायचं, दुरुस्ती कुठे होते, मुक्काम कुठे करायचा, सगळं त्यात. लोक जितके फिरतील तितकी टायरं झिजतील, एवढाच तो हिशेब. विक्री-प्रमुखांना उदाहरण फारसं पटलं नाही. पण त्यांची दुसरी अडचण त्याहून मोठी होती: इंटरनेटवर योग्य माणसापर्यंत जाहिरात पोचवणं महाग आणि अवघड झालं होतं. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलने आयफोनवर असं केलं की, इतर अ‍ॅप्स आणि वेबसाइटवर तुमचा माग काढायचा तर अ‍ॅपला आधी परवानगी मागावी लागते. जानेवारी २०२२ पासून फेसबुकवाल्या मेटाने आरोग्यासारख्या नाजूक विषयांवर बेतलेले टार्गेटिंगचे, म्हणजे जाहिरातीसाठी माणसं निवडायचे, पर्याय काढून टाकले. माणूस म्हणून मला दोन्ही योग्यच वाटतात. कुणाला कमी ऐकू येतं हे जाहिरातवाल्यांना का कळावं? पण मीडिया प्लॅन करणाऱ्यांची पंचाईत झाली.

तसंही 'किती जणांनी पाहिली' या आकड्यावरचा माझा विश्वास उडालेलाच होता. मोजमापाचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या मीडिया रेटिंग कौन्सिलप्रमाणे वेबपानावरच्या साध्या डिस्प्ले (चित्र-मजकुराच्या) जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर आला की ती 'दिसू शकली' असं धरतात, व्हिडिओला दोन सेकंद. आमच्या अहवालातल्या कोट्यवधी 'पाहण्यां'त अशी सेकंदं किती होती, हे कुणी विचारायचं नाही असा अलिखित करार असतो. आता उलटं घडायला लागलं. कानात शिट्टी का वाजते हे शोधत लोक रात्री-बेरात्री आपणहून त्या व्हिडिओपर्यंत यायचे, शेवटपर्यंत बघायचे, काही जण परत परत बघायचे. शिट्टीच्या त्या व्हिडिओत कंपनीचं नाव शेवटी तीन सेकंद येतं. कंपनीच्या दुकानात येणारे काही लोक तो व्हिडिओच दाखवून विचारायला लागले.

यापुढची लढाई आमची नव्हती, पण मी बैठकीला होते. आतापर्यंत यंत्र एकरकमी किमतीला विकलं जायचं आणि नंतरच्या सगळ्या भेटी त्यातच धरलेल्या असायच्या. म्हणजे विक्रेत्याचा सगळा नफा पहिल्या दिवशी, आणि पुढची प्रत्येक भेट त्याच्या खिशाला चाट. तो कशाला बोलावेल? उत्पादन-प्रमुखांचं म्हणणं होतं की यंत्राची किंमत कमी करा, देखभाल वेगळी काढा आणि तिची दरमहा वर्गणी घ्या. यंत्र कानात राहिलं तरच वर्गणी येत राहील, त्यामुळे ते कानात राहावं याची सगळ्यांनाच काळजी वाटेल. अर्थ-प्रमुखांनी शांतपणे अडोबीचं नाव काढलं. "२०१३ मध्ये त्यांनी सॉफ्टवेअर एकदाच विकणं सोडून वर्गणीची वाट धरली. त्या वर्षी त्यांचा महसूल आधीच्या वर्षापेक्षा घटला होता. आणि त्यांना एक प्रत जास्त द्यायला खर्च काय येतो? आपण तर पहिल्या दिवशी खरं यंत्र हातात देणार." तीन तास चर्चा झाली. शेवटी काही मोजक्या दुकानांत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी ठेवून बघायच्या असं ठरलं. एका मोठ्या विक्रेत्याने त्या महिन्यात संबंध तोडले. परत येणारी यंत्रं त्या दुकानांत कमी झाली आणि सेलचा खप वाढला. रोकड मात्र अर्थ-प्रमुख म्हणाले तशी आटली, आणि ती पूर्ववत व्हायला त्यांनी सांगितलेल्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आमच्या एजन्सीचं काय झालं, हे बोलायला आम्हाला आवडत नाही. एके काळी एजन्सी माध्यमात घातलेल्या पैशावर पंधरा टक्के कमिशन घ्यायची. आता दर वेगळे आहेत, पण वृत्ती तीच: जितका मोठा माध्यमखर्च, तितकं आमचं पोट मोठं. या क्लायंटची दुसरी फिल्म झालीच नाही. माध्यमांचं बजेट निम्म्यावर आलं. फिल्म विभागातले दोघं गेले. त्यातल्या एकाबरोबर मी अकरा वर्षं काम केलं होतं, आणि त्याने मला निरोपाच्या दिवशी विचारलं, "तुझ्या चौदा घरांचं बिल किती लावलं गं?" मी उत्तर दिलं नाही, कारण लावलंच नव्हतं. घरी जाऊन माणसांशेजारी बसणं, कॉल ऐकणं, हातमोजे घालून सेल शोधणं याला आमच्या दरपत्रकात जागा नव्हती.

आता दर महिन्याला ठरावीक रक्कम मिळते. मी रोज दोन-तीन संदेश सुधारते, मदत केंद्रातल्या लेखी गप्पा वाचते, आणि महिन्यातून एकदा दोन घरांत जाते. त्या शिक्षिकेने यंत्र पुन्हा लावलं, पण फक्त सकाळी. संध्याकाळी शांतता बरी वाटते, म्हणतात.

महिनाअखेरीला हिशेब विभागातून फोन येतो. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये तीनच रकाने आहेत: निर्मिती, माध्यम आणि इतर. "तुमचं काम कशात टाकू?" दर वेळी तोच प्रश्न, दर वेळी माझं तेच उत्तर. गेल्या महिन्यात त्या क्लायंटच्या बिलात पहिले दोन रकाने रिकामे गेले.